रेजिनाच्या डाव्या हाताला

नाटकात एकाच बाईच्या डाव्या हाताला तीसेक वर्षं उभं राहिलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात. आमच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे साठलेत ना, अगदी तसे. टाकवत नाहीत, आणि कुणी पाहुणा आला की एकेक खाली निघतो!

ही बाई म्हणजे रेजिना मिस्किटा. गायिका, अभिनेत्री, आणि बक्षिसांनी शोकेस भरलेली. मी सुनंदा. दिवसा बँकेत कॅशियर आणि संध्याकाळी संगीत नाटकात तिची सखी. राणी ती, सखी मी. गाणं तिचं, पंखा माझा. माझे डायलॉग म्हणजे "बाईसाहेब, महाराज आले" आणि "बाईसाहेब, महाराज गेले". महाराज येईपर्यंत आणि जाईपर्यंत मला बघायला सवडच सवड!

मध्यंतरी रेजिनाला जीवनगौरव मिळाला, तेव्हा चॅनेलवरच्या एका मुलीचा मला फोन आला. "मॅडम, त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगाल?"

मी म्हटलं, "अगं, दोन शब्दांत कसं होणार? माझा सगळ्यात छोटा डायलॉगसुद्धा तीन शब्दांचा होता!"

* * *

आमची नाटक कंपनी आप्पांची. आप्पा म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर. बोलणं एकदम शुद्ध, आणि समोरच्याचं अशुद्ध कानावर पडलं की दाढ दुखल्यासारखा चेहरा. तालमी ठाण्याच्या वर्तकनगरला, कॉलनीच्या हॉलमध्ये. घोडबंदरला एक मुलगी फार सुरेल गाते असं कुणीतरी सांगितलं आणि आप्पांनी तिला बोलावून घेतलं.

घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर नव्हते. भातशेती होती, आणि शेताच्या कडेला मिस्किटांचं कौलारू घर. रेजिना आली ती फ्रॉक घालून, आईबरोबर. आई लाल लुगड्यात, केसांत अबोली, आणि चेहऱ्यावर "माझ्या पोरीला काय विचारायचं ते नीट विचारा" असा भाव.

रेजिनाचं पहिलं लक्ष गेलं ते ऑर्गनकडे. "अय्या! हा तर आमच्या चर्चमधला!"

ऑर्गनवर आमचे लिमये काका. सकाळी संध्या केल्याशिवाय चहाला न शिवणारा माणूस. ते म्हणाले, "हा नाटकातला आहे हो, बाळ."

आप्पांनी विचारलं, "गाणं कुठे शिकलात?"

"रेडिओवर."

"आणि सूर?"

"चर्चमध्ये. क्वायरमध्ये गाते मी."

आप्पांनी लिमये काकांकडे पाहिलं, लिमये काकांनी छताकडे. "बरं, म्हणा."

ती उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले आणि नाट्यपद सुरू केलं. मी तेव्हा सगळ्यांना बिस्किटं वाटत होते. प्लेट हातातच राहिली, बिस्किटं कुणी उचललीच नाहीत. लिमये काका आधी नुसता सूर धरून बसलेले, मग हळूहळू तिच्या मागे निघाले, आणि शेवटी तर डोळे मिटून डोलायलाच लागले.

गाणं संपलं. सवयीने रेजिनाने छातीवर क्रूस काढला. 

आणि लिमये काका, डोळे मिटलेलेच, मोठ्यांदा म्हणाले, "आमेन!"

* * *

आप्पांनी तिला घेतलं, पण घरी तिचे पप्पा अडून बसले. नाटक म्हणजे तोंडाला रंग लावणं आणि परक्या माणसाला "नाथ" म्हणणं. मुळीच नाही! वाद मिटेना, तेव्हा पप्पा गेले गावच्या चर्चच्या फादरकडे. फादर म्हणाले, मी स्वतः बघून येतो.

आणि न कळवता एके दिवशी पांढरा झगा घालून फादर तालमीला हजर!

आता योग बघा. त्या दिवशी तालीम कुठल्या प्रवेशाची? तर राणी शंकराच्या देवळात जाऊन धावा करते त्याची. थर्माकोलची पिंड, बेलाची पानं, सगळं मांडलेलं.   आप्पा माझ्या कानात म्हणाले, "सुनंदा, पिंडीवर काहीतरी झाक!"

मी पदर सोडवून झाकणार, एवढ्यात फादर म्हणाले, "असू द्या. चालू द्या तुमचं."

रेजिना गायली. जीव तोडून गायली. नाटकातली राणी नवऱ्यासाठी धावा करत होती, पण ही कशासाठी करत होती ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

आप्पा चहाचा कप घेऊन पुढे झाले. "फादर, आपला काही आक्षेप असेल तर..."

"मुलगी देवासमोर उभी राहून मनापासून गाते," फादर म्हणाले. "यात मी कसला आक्षेप घेऊ? तिच्या पप्पांशी मी बोलतो."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. फादर दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "फक्त एक अट आहे."

आप्पा पुन्हा गार. "काय?"

"रविवारी सकाळचा प्रयोग लावू नका. त्या वेळी आमचा असतो!"

* * *

मग प्रश्न आला भाषेचा. रेजिनाची घरची बोली किनाऱ्यावरची. मला म्हणजे "मना", आणि कशाला म्हणजे "कनाला". आप्पांनी तिला माझ्या ताब्यात दिलं. "हिला राणीसारखं बोलायला शिकव." रोज बँकेतून सुटले की मी वर्तकनगरला जाऊन तिच्याकडून घोटून घ्यायचे. पोरीने जीव ओतून मेहनत केली. पहिल्या प्रयोगापर्यंत तिची वाक्यं अशी झाली, की आप्पा म्हणाले, "आता ही मलासुद्धा सुधारेल."

पहिला प्रयोग ठाण्यात. हाउसफुल्ल. महाराजांच्या भूमिकेत कल्याणचे मोकाशी वकील. कोर्टात तासभर न थांबता बोलणारा माणूस, पण दुसऱ्या अंकात त्यांचं स्वगत आलं आणि वकीलसाहेब ब्लँक! विंगेतून आप्पा वाक्य सांगतायत, पण मोकाशींना ऐकू येईना. नुसते तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभे. थिएटरमध्ये चुळबुळ सुरू झाली.

रेजिनाचा पेशन्स संपला. राणीच्या थाटात ती दोन पावलं पुढे गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आता गप कनाला उभा? बोल नं!"

संपलं, मी मनात म्हटलं. सगळी मेहनत पाण्यात! विंगेत आप्पांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

पण त्या धक्क्याने मोकाशी जागे झाले. वकीलच ते! ताठ होऊन म्हणाले, "राणीसाहेब, ही कुठली भाषा?"

रेजिना म्हणाली, "माहेरची."

असा हशा आणि अशा टाळ्या, की पडदा पाडायची वेळ आली! पुढच्या प्रयोगाला आप्पांनी तिला ते वाक्य म्हणू दिलं नाही, तर मध्यंतरात लोक तक्रार घेऊन आत आले. शेवटी शुद्धलेखनाच्या त्या कडक मास्तरांनी स्वतःच्या हाताने संहितेत लिहिलं, "कनाला".

* * *

तिचं पहिलं मोठं बक्षीस. मुंबईत समारंभ, मोठमोठे पाहुणे. रेजिनाने ट्रॉफी घेतली, फोटो झाले, आणि परत येताना गाडीत आम्ही नीट पाहिलं तर ट्रॉफीवर नाव कोरलेलं, "रजनी मिस्त्री"!

मी तर भडकलेच. "अगं, फोन कर त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

आयोजकांनी खूप माफी मागितली, बदलून देतो म्हणाले. पण घरी गेल्या गेल्या ट्रॉफी पडली आईच्या हातात. आईने नातवाकडून नाव वाचून घेतलं आणि विचारात पडली.

"ही रजनी कोन?"

"कुणी नाही गं आय. चुकून पडलंय नाव."

"चुकून कसा? कोनाची तरी आसल." आईने ट्रॉफी पदराने पुसली आणि रेजिनाच्या हातात परत दिली. "दुसऱ्याची वस्तू घरान ठेवू नको. नेऊन दे तिला. बिचारी वाट बगत आसल!"

रेजिना इतकी हसली, की ट्रॉफी तिने बदलूनच घेतली नाही. आप्पांना तर हत्यारच मिळालं. एखाद्या प्रयोगाला सूर जरा इकडेतिकडे झाला, की मेकअप रूमच्या दारात उभे राहून म्हणायचे, "आज रजनीबाई गायल्या वाटतं!"

* * *

सिनेमाचा किस्सा छोटासाच आहे. रेजिनाला सिनेमात मोठा रोल मिळाला. गायिकेचाच. पण निर्मात्याला गाण्यासाठी मोठं नाव हवं होतं, म्हणून गाणं दुसरीच्याच आवाजात. रेजिनाने फक्त ओठ हलवायचे! ती आठवडाभर माझ्याशीसुद्धा धड बोलली नाही. पण काम केलं, आणि असं केलं, की अभिनयाचं बक्षीस मिळालं. गाणं तर गल्लोगल्ली वाजायला लागलं.

पुढे डोंबिवलीत आमच्याकडे गणेशोत्सवात तिचा सत्कार झाला. लोकांनी त्याच गाण्याची फर्माईश केली आणि तिने ते स्वतःच्या आवाजात म्हटलं. काय म्हटलं! 

कार्यक्रमानंतर आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू मुद्दाम भेटायला आल्या. तिचा हात हातात घेऊन प्रेमाने म्हणाल्या, "छान गाता हो तुम्ही! पण सिनेमात गायलात, तसं नाही जमलं आज!"

* * *

आता पप्पांच्या शेतावर टॉवर झालाय आणि त्यातच चौदाव्या मजल्यावर रेजिनाचा फ्लॅट आहे. ती म्हणते, "आमची शेती आता उभी पिकते."

एका शनिवारी कल्याणला दुपारचा प्रयोग होता. घोडबंदरचा ट्रॅफिक लक्षात घेऊन रेजिना घरूनच पूर्ण तयार होऊन निघाली. भरजरी शालू, खोटे दागिने, केसांत गजरे. आदल्या रात्री तिच्याकडेच मुक्कामाला असलेली मी तिच्या शेजारी, सखीच्या वेशात. ट्रॅफिक असा तुंबलेला, की गाडी चालली कमी आणि तापली जास्त. बरं, शेवटी ट्रॅफिक सुटला, आणि नेमकी तेव्हा आमची गाडी बंद पडली!

रिक्षावाले आम्हाला बघायचे आणि स्पीड वाढवायचे. इतक्यात मागून एक टेम्पो आला. कल्याणच्या संध्याकाळच्या बाजारासाठी मासे घेऊन निघालेल्या कोळणी. टेम्पो थांबला.

"बाय, नटून थटून रस्त्यान उभी कनाला?"

रेजिनाने त्यांच्याच बोलीत सगळं सांगितलं. झालं! टोपल्या सरकल्या, आणि राणीसाहेब एका टोपलीवर पाट टाकून विराजमान. सखी बोंबलांच्या शेजारी! कल्याण येईपर्यंत रेजिना गात होती आणि कोळणी टाळ्या वाजवत होत्या.

पहिली घंटा झाली आणि आम्ही पोचलो. कपडे बदलायला वेळच नाही. पडदा वर गेला. महाराज सिंहासनावर. मी म्हटलं, "बाईसाहेब, महाराज आले." रेजिना जवळ गेली, आणि मोकाशींचं पहिलं वाक्य काय? तर, "देवी! तुमच्या येण्याने साऱ्या महालात सुगंध दरवळला!"

मोकाशी आयुष्यभराचे शाकाहारी. त्यांनी श्वास घेतला. डोळे भरून आले. ओठ थरथरले. आवाज घोगरा झाला. पण वकीलसाहेबांनी वाक्य पूर्ण केलं!

दोन दिवसांनी पेपरात परीक्षण आलं, "महाराजांच्या डोळ्यांतील अश्रू खरे वाटले."

* * *

एवढं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना एका प्रयोगात, वरच्या सुरावर, रेजिनाचा आवाज फाटला. नुसता खर्र झाला आणि थांबला. तपासण्या झाल्या. घशात, स्वरतंतूंवर गाठ. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की काही महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढे गाता येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बघू."

कल्याणचे पुढचे प्रयोग लागलेले. आप्पा आता थकलेले, काठी टेकत तालमीला यायचे. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सगळी पदं हिला पाठ आहेत. राणी सुनंदा करेल."

 मी कसंबसं म्हटलं, "आणि सखी?"

कोपऱ्यात गप्प बसलेली रेजिना उठली. माझ्या हातातला पंखा काढून घेतला आणि माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. सखीचे डायलॉग आप्पांनी हुजऱ्याला दिले.

प्रयोगाला मी आधी प्रवेश केला. राणी! आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका! थिएटर शांत. मग माझ्या मागून पंखा घेऊन सखी आली, आणि अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. थांबेचनात!

माझं पहिलं पद आलं. रेजिनाने पंखा हलवायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की ती पंख्याने ताल देतेय. जिथे मी नेहमी चुकते तिथे तिने कुणाला न दिसता माझं कोपर दाबलं. सगळी पदं तशीच पार पडली.

नंतर मेकअप रूममध्ये मी तिच्या गळ्यात पडून रडले. पण एक सल आहे तो आहेच. एवढ्या वर्षांत सखीच्या एंट्रीला टाळ्या पडल्या त्या एकदाच, आणि नेमकी तेव्हा सखी मी नव्हते!

* * *

महिने गेले. रेजिना बोलायला लागली. आवाज थोडा बसका, पण बोलणं नीट. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "आता गायला हरकत नाही. हळूहळू सुरू करा."

पण ती सुरू करेना. तंबोऱ्यावर खोळ घातली ती तशीच. लिमये काका फोन करायचे, तर ती उचलायची नाही. मी एकदा चिडून विचारलं, "अगं, निदान सा तरी लाव! घरात कोण ऐकतंय?"

"मी ऐकते ना," ती म्हणाली. "आत काय उरलंय ते मना कळेल. नाही कळलं तर बरं आहे, सुनंदे."

मी तंबोऱ्याच्या खोळीवरची धूळ झटकली. 

एका दुपारी आम्ही दोघी भाजी घेऊन तिच्या बिल्डिंगमध्ये परत आलो. लिफ्टमध्ये एक नवीनच राहायला आलेली बाई होती, कडेवर लहान बाळ. आयटीतली असावी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. लिफ्ट वर निघाली, मध्येच गचका बसला, आणि लाइट गेले! मिट्ट काळोख.

बाळाने जे भोकाड पसरलं! आई "श्श श्श" करतेय, मी मोबाइलचा टॉर्च लावतेय, अलार्म दाबतेय, पण काही उपयोग नाही. त्या बाईचाही धीर सुटायला लागला. "कोई है? प्लीज, कोई है?" करत ती दारावर हात मारायला लागली. आईचा आवाज चढला तसं पोर अजूनच घाबरलं. रडता रडता त्याचा श्वास अडकायला लागला.

आणि माझ्या शेजारून गुणगुणणं ऐकू आलं.

आधी मला वाटलं, भास झाला. मग शब्द आले. तिच्या आयने तिला म्हटलेलं अंगाईगीत, घरच्या बोलीतलं. आवाज पूर्वीचा नव्हता. खाली उतरलेला, जरा खरखरीत, पण सुरात. एका ओळीवर तो अडखळला. रेजिना थांबली.  बाळ पुन्हा रडायला लागलं, आणि तिने तीच ओळ परत घेतली. या वेळी पार गेली. टॉर्च माझ्या हातात होता, पण तिच्या चेहऱ्यावर मारायची माझी हिंमत झाली नाही.

बाळाचा हुंदका कमी झाला. मग ते नुसतं मुसमुसायला लागलं, आणि थोड्या वेळाने आईच्या खांद्यावर झोपलंसुद्धा. रेजिना मात्र गातच राहिली. बाळ झोपलं तरी गात होती.

लाइट आले. लिफ्ट चालू झाली. रेजिनाने पदराने तोंड पुसलं. मी भाजीच्या पिशवीत उगाचच काहीतरी शोधायला लागले.

त्या बाईने रेजिनाकडे पाहिलं. ओळखलं वगैरे काही नाही. बिचारीला मराठी नाटक कुठून माहीत असणार! अगदी मनापासून म्हणाली, "आंटी, आपकी आवाज़ कितनी अच्छी है! थोड़ा सीख लेतीं तो बहुत आगे जातीं आप!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेजिनाने माझा हात दाबला.

"सीखने का मन तो है, बेटा. पर कहाँ जाऊँ?"

"अरे, नीचे क्लब हाउस में ही है ना क्लास! मंडे को नया बिगिनर्स बैच शुरू हो रहा है. मैं आपका नाम दे दूँ?"

"दे दो," रेजिना म्हणाली.

मला वाटलं, तिने त्या मुलीचं मन राखलं. पण सोमवारी संध्याकाळी तिने मला डोंबिवलीहून बोलावून घेतलं आणि हाताला धरून क्लब हाउसमध्ये नेलं. सतरंजीवर दुसरी-तिसरीतली पोरं बसलेली, आणि मागे दोन रिटायर्ड काका. रेजिना सरळ पहिल्या ओळीत, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीशेजारी मांडी घालून बसली. मी भिंतीला टेकून उभी.

क्लासच्या मॅडम आल्या. तिशीतली मुलगी, ठाण्याचीच. खांद्याला बॅग, हातात मोबाइल, त्यावर तंबोरा चालू. "गुड इव्हिनिंग, मुलांनो" म्हणत तिने समोर पाहिलं, आणि बॅग खांद्यावरून घसरून खाली पडली.

"रेजिनाताई... तुम्ही... इथे..."

रेजिनाने दोन्ही हात जोडले.

"मॅडम, सा द्या."